कोर्टाने सरकारला दंड ठोकला, पण भरला कुणी?

‘कोर्टाचा सरकारला दणका, नुकसानभरपाईचे आदेश’ अशी बातमी वाचली की पूर्वी मला बरं वाटायचं. बरी अद्दल घडली म्हणायचो. मग जुने खटले वाचायला लागलो आणि प्रश्न पडला, अद्दल घडली कुणाला?

गोष्ट सप्टेंबर १९४७ ची. अमृतसरचा एक व्यापारी सोनं-चांदी विकायला मेरठला आला. पोलिसांना संशय आला, त्यांनी त्याला कोठडीत टाकलं आणि शंभर तोळ्यांहून जास्त सोनं मालखान्यात जमा केलं. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पुढे चांदी परत मिळाली, सोनं नाही. मालखान्याचा हेड कॉन्स्टेबलच ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता!

हा ‘कस्तुरीलाल खटला’ सुप्रीम कोर्टात गेला. निकाल १९६४ चा, सरन्यायाधीश आपल्या साताऱ्याचे गजेंद्रगडकर. पोलिसांचा हलगर्जीपणा कोर्टाला मान्य होता. पण जप्ती हे सरकारचं सार्वभौम काम, त्यात नोकराने केलेल्या चुकीबद्दल सरकार देणं लागत नाही, असं ठरलं. याला आधार होता १८६१ च्या कलकत्त्यातल्या एका निकालाचा, म्हणजे कंपनी सरकारच्या जमान्यातल्या कायद्याचा. व्यापाऱ्याच्या हाती भोपळा. गजेंद्रगडकरांनाही हे खटकलं होतं. संसदेने यावर कायदा करावा, असं त्यांनी निकालातच सुचवलं. विधेयक आलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

मग १९८३ साल. बिहारमधल्या रुदल शाहची १९६८ मध्येच निर्दोष सुटका झाली होती, तरी तो चौदा वर्षं तुरुंगात सडत राहिला. या वेळी सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. बिहार सरकारने आधी दिलेल्या ५ हजारांवर आणखी ३० हजार द्यावेत, असा हुकूम त्यांनी दिला. मूलभूत हक्क तुडवला तर सरकारने भरपाई द्यायची, हा रस्ता तिथून खुला झाला. हे पैसे दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करायची मुभाही कोर्टाने सरकारला ठेवली होती.

मुभा हो, सक्ती नाही. सगळी मेख इथेच आहे.

पैसे तिजोरीतून जातात. तिजोरी तुमची-माझी. म्हणजे चूक साहेबांची आणि भुर्दंड आपल्याला. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच बोलून दाखवलं. घराचा ताबा द्यायला टाळाटाळ केली म्हणून ग्राहकाला १० हजार मंजूर झाले होते. ते जबाबदार अधिकाऱ्यांच्या पगारातून कापा, असा स्पष्ट आदेश निघाला.

माझं म्हणणं सरळ आहे. पीडिताला पैसे सरकारनेच द्यावेत, आणि लगेच द्यावेत. गरिबाने एकेका साहेबामागे का धावायचं? त्या अमृतसरच्या व्यापाऱ्याने पळालेल्या हवालदाराला कुठे शोधायचं होतं? पण पीडिताला पैसे दिले की सरकारचं काम संपत नाही, पुढे वसुलीही झाली पाहिजे.

म्हणून यापुढे आपल्या नगरपालिकेने किंवा जिल्हा परिषदेने अशी भरपाई दिल्याची बातमी आली की नुसत्या टाळ्या वाजवू नका. माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका आणि दोनच प्रश्न विचारा: तिजोरीतून किती गेले? आणि ज्याने चूक केली, त्याच्या पगारातून किती आले?

उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये नक्की टाका.