गाठ काढल्यानंतर जखम चिघळतेय? संसर्ग कसा ओळखायचा आणि काय करायचं?

पाठीवर, मानेवर किंवा कानामागे वाटाण्याएवढी मऊ गाठ असते. अनेक वर्षं ती दुखत नाही. मग एक दिवस सुजते, ठणकते आणि डॉक्टर ती काढायला सांगतात. जागा बधिर करून छोटी शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. त्यानंतर जखमेवर लक्ष ठेवायची जबाबदारी घरच्यांची असते.

बल्लारपूरसारख्या गावात ही काळजी थोडी जास्त घ्यावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोळसा खाणीत, कागद कारखान्यात किंवा शेतात काम करणाऱ्याची पट्टी तासाभरात घामाने भिजते, वर धूळ बसते. ओली, मळलेली पट्टी जंतूंना पोसते.

ही गाठ नेमकी कसली?

लोक तिला चरबीची गाठ म्हणतात, पण बहुतेक वेळा आत चरबी नसते. त्वचेखाली एक छोटी पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन नावाचा पांढरट, वास येणारा पदार्थ साठतो. पिशवी पूर्ण काढली तर गाठ सहसा परत येत नाही. पण गाठीत आधीच पू झाला असेल, तर डॉक्टर आधी चिरा देऊन पू काढतात आणि पिशवी काही आठवड्यांनी काढतात. अशी जखम अनेकदा टाके न घालता उघडीच ठेवतात, आत गॉजची पट्टी भरतात. तिच्यातून काही दिवस पाणी येतं. ते अपेक्षित असतं.

नॉर्मल काय आणि संसर्ग कोणता?

पहिले दोन-तीन दिवस थोडं दुखणं, कडेला हलकी सूज, पट्टीवर गुलाबीसर डाग हे नॉर्मल आहे. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढायला लागलं, तर संसर्गाची शंका घ्यावी. हे बहुतेकदा चौथ्या दिवसानंतर दिसतं, पण टाके काढल्यावरही होऊ शकतं.

खालीलपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:

- जखमेभोवतीची लाली आणि सूज वाढत जाणं
- पिवळा-हिरवा पू किंवा दुर्गंधी
- जागा गरम आणि कडक लागणं
- टाके उसवणं
- १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप

सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. जागा जांभळट किंवा नेहमीपेक्षा गडद दिसते. म्हणून हात धुऊन जखमेच्या बाजूची त्वचा गरम लागते का, तेही पाहा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली, तर संसर्ग पसरतोय. रोज एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढलात तर डॉक्टरांनाही फरक समजतो.

उपचार काय असतो?

आत पू साठला असेल तर फक्त गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टर एक-दोन टाके उघडून पू बाहेर काढतात, जखम धुतात आणि रोज ड्रेसिंग करायला सांगतात. लाली दूरवर पसरली असेल, ताप असेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर अँटिबायोटिकही देतात. गरज पडल्यास पू तपासणीला पाठवतात. कोणतं औषध त्या जंतूवर चालेल, हे त्यातून कळतं.

घरी काय करावं?

पट्टीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. जखम कधी भिजवायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. साधारण एक-दोन दिवसांनी टाक्यांची जागा साबण-पाण्याने हलकेच धुऊन कोरडी करता येते. पट्टी घामाने भिजली की बदला. कामावर जायचंच असेल तर जादा पट्ट्या सोबत ठेवा. टाके चेहऱ्यावरचे साधारण ५ दिवसांनी आणि पाठीवरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. दुखणं थांबलं म्हणून ती तारीख चुकवू नका. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा, कारण वाढलेली साखर जखम भरू देत नाही.

काय करू नये?

जखम पिळू नका. हळद-चुन्याचा लेप, राख किंवा झाडपाला लावू नका. मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम टाळा. त्याने लाली दबते, पण जंतू वाढत राहतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स मध्येच सोडू नका.

वाट पाहायची नाही, असं कधी?

जखमेच्या मानाने असह्य वेदना, तासागणिक पसरणारी सूज, काळी-निळी पडणारी त्वचा, पाण्याचे फोड, थंडी वाजून ताप, धाप किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. असा संसर्ग क्वचित होतो, पण जीव घेऊ शकतो. १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय आहे.

एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून अनेक जण जखम दाखवायला जात नाहीत. पण वेळेवर उघडलेला एक टाका काही दिवसांत भरून येतो. चिघळलेल्या जखमेपायी मात्र कित्येक दिवसांची मजुरी जाऊ शकते.