सदोष लाकूड आणि कोकणचे कातारकाम

समुद्रापासून फार लांब नसलेल्या जांभ्याच्या पठारावर वसलेल्या दापोलीत वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि या पावसाने तेथील लाकडाची एक कडक प्रतवारी ठरवून दिलेली आहे. साग, ऐन आणि किंजळ यांचे सरळ सोट घराच्या तुळयांना व वाशांना लागतात. फणसाची पिवळी फळी दारे, पाट आणि देव्हाऱ्यांसाठी राखली जाते. आंब्याचे लाकूड मात्र मुबलक असूनही ओलाव्यात लवकर कुजत असल्याने खालच्या पायरीवर राहते. त्यातही गाठ, म्हणजे फांदी फुटल्याने रेषा वळलेला कठीण भाग, तडा, म्हणजे वाळताना पडलेली चीर, पोकळ गाभा आणि भिरूड, म्हणजे खोडात बोगदे पाडणारी भुंग्याची अळी, यांपैकी एक जरी दोष आढळला तरी सुतार तो ओंडका बाजूला काढतो आणि मग सहसा तो चुलीची वाट धरतो. अशाच टाकाऊ लाकडाला वाटी, डबी आणि करंडा यांच्या रूपाने दुसरा उपयोग देणारा जो धंदा दक्षिण कोकणात वाढला, तो कातारकामाचा.

चांगले लाकूड दुर्मीळ होण्यामागे पावसाइतकाच राज्यकारभाराचाही हात होता. १८१८ नंतर दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात आले आणि दापोलीला लष्कराची छावणी बसली, जिच्यामुळे या गावाला अद्याप ‘कॅम्प दापोली’ म्हटले जाते. त्यानंतरच्या दशकात कलेक्टर डनलॉप यांच्या जाहीरनाम्याने झाडांवरील सरकारी हक्क रयतेच्या बाजूने सोडण्यात आला. झाडे आपली झाली की लोक ती राखतील आणि वाढवतील, अशी त्यामागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात हर्णै, दाभोळ आणि बाणकोट या बंदरांतून गलबते भरभरून जळाऊ लाकूड मुंबईकडे जात राहिले, आणि शतकाच्या अखेरीस रत्नागिरी जिल्हा सरकारी जंगलाच्या बाबतीत मुंबई इलाख्यातील अत्यंत दरिद्री जिल्ह्यांपैकी एक ठरला. ज्या प्रदेशात इमारती लाकूड घाटावरून किंवा समुद्रमार्गे आणावे लागते, तेथे बांधावरच्या आंब्याची मोडकी फांदीही हिशेबात धरावी लागते, ही गोष्ट जंगलखात्याच्या अहवालांपेक्षा कारागिरांना आधी उमगली असावी.

कातारी, म्हणजे लाकूड फिरते ठेवून हत्याराने गोल कातणारा कारागीर, ज्या यंत्रावर काम करीत असे ते अत्यंत साधे होते. दोन खुंटांना बसवलेल्या लोखंडी अण्यांमध्ये लाकडाचा ठोकळा धरावयाचा, त्याभोवती दोरीचा वेढा द्यावयाचा आणि मदतनिसाने दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढावयाची, किंवा एकट्यानेच कमानीला दोरी बांधून एका हाताने ती पुढेमागे करावयाची, अशी त्याची रचना असे. लाकूड दोन्ही दिशांना उलटसुलट फिरत असल्याने हत्यार फक्त अर्ध्या फेऱ्यात, म्हणजे लाकूड कारागिराच्या अंगावर येत असतानाच, चालते आणि उरलेला अर्धा फेरा रिकामा जातो. वाटीचा पोकळ भाग टोकाशी वाकवलेल्या हत्याराने कोरला जातो, पण अणीचा आधार मधोमध लागत असल्याने तेथे एक खुंटा शिल्लक राहतो, जो शेवटी तोडून तळ हाताने साफ करावा लागतो. अशा यंत्रावर मोठी परात काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच कणीक मळण्याची काठवट कातलेली नसून वाकसाने खोदलेली असते. लहान भांडे ही कातारकामाची निवड नव्हती, ती यंत्राची मर्यादा होती.

हीच मर्यादा सदोष लाकडाच्या पथ्यावर पडली. वाळताना लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसते, आणि या विषम ताणामुळे अखंड ओंडका गाभ्यापासून बाहेरच्या बाजूला चिरत जातो. तो ओंडका गाभ्यातून दुभागून, गाभ्याचा भाग काढून टाकून उरलेल्या लहान तुकड्याची ओलसर असतानाच जाडसर वाटी कातली, तर तिच्या पातळ भिंतीला आक्रसण्यास वाव मिळतो. ती किंचित लंबगोल होते, परंतु सहसा फुटत नाही, आणि वाळल्यावर पुन्हा कातून गोल करता येते. चार हात लांबीच्या फळीत भिरूडाचे एक भोक असले तरी फळी वाया जाते, पण त्याच फळीत भोक सोडून उरलेला वीतभर निर्दोष भाग डबीला पुरतो. गाठीशी मात्र जपूनच वागावे लागते, कारण तेथे रेषा उलट वळत असल्याने धार उसळते आणि लाकडाचे ढलपे निघतात. अशा जागी कापण्याऐवजी खरवडत जाणे हाच उपाय असतो.

या धंद्याला नाव मिळाले ते दापोलीला नव्हे, तर दक्षिणेला सावंतवाडीला. खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळापासून तेथील चितारी, म्हणजे रंगकाम करणाऱ्या, घराण्यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि लाखकाम केलेली लाकडी खेळणी यांची परंपरा चालवली, आणि १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटियरने या वस्तूंची दखल घेतली. त्यांचे आवडते लाकूड पांगाऱ्याचे, जे इतके हलके व मऊ असते की कोणताही सुतार त्याला इमारतीत जागा देणार नाही. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर ज्या बारीक कणाच्या काळ्या कुड्यावर काम करतात, त्याच्या तुलनेत पांगारा कितीतरी ओबडधोबड आहे. ही उणीव लाखेने भरून निघत असे. लाख हा कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा राळेसारखा स्राव असून तिची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली असता घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि बारीक चिरा व भोके बुजवीत पृष्ठभागावर पसरते. नंतर केवड्याच्या पानाने घासल्यावर तिला आरशासारखी चकाकी येते. लाखेच्या थराखाली लाकूड कोणते आणि कसले, हे ग्राहकाला कळत नसे, आणि कळण्याची गरजही नव्हती.

अशा भांड्यांचा वापर मुख्यतः कोरड्या वस्तूंसाठी झाला: कुंकवाचा करंडा, सुपारीची डबी, भातुकलीची बोळकी. लाख उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या बरीच खाली मऊ होते, त्यामुळे अशा भांड्यात गरम आमटी वाढता येत नाही. यात शुद्धीच्या विचाराचीही भर होती, कारण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लाकडी वस्तू विटाळली तर ती तासून शुद्ध करावी असे सांगितले आहे, आणि पातळ कातलेली वाटी तासायची म्हटली तर दोनतीनदा शुद्ध होताच संपून जाईल. पितळ घासून, राख लावून स्वच्छ होते, त्याच्याशी स्वयंपाकघरात स्पर्धा करणे लाकडाला कधीच जमले नाही, आणि पुढे ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक आल्यावर करंड्याची जागाही गेली. सावंतवाडीत ही कला टिकली ती तेथील राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना काम दिल्यामुळे, म्हणजे बाजाराच्या नव्हे तर आश्रयाच्या बळावर.

दरम्यान परदेशात वारे उलटे फिरले होते. अमेरिकेत मार्क लिंडक्विस्ट यांच्यासारख्या कारागिरांनी १९७० च्या दशकात बुरशीने काळ्या रेघा उमटलेले, गाठाळ लाकूड मुद्दाम निवडून त्याचे वाडगे कातले आणि दोष हाच दागिना ठरवला. कोकणी कारागिराने लाखेखाली जे दडवले तेच तेथे उघडे ठेवले गेले. त्या वाडग्यांची जागा प्रदर्शनात असते, करंड्याची रोजच्या हाताखाली होती. कारागिरीचा कस वापरातच लागतो असे मानल्यास चिताऱ्यांचे पारडे जड ठरते.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील आंबा, फणस व नारळाच्या बागा मुळासकट आडव्या केल्या, तेव्हा कातारकामाला योग्य असे लाकूड एकाच दिवसात प्रचंड प्रमाणात जमिनीवर आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात, जे १९७२ मध्ये स्थापन झाले, वनशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. पडझडीच्या लाकडाचा असा उपयोग शिकवण्यास याहून योग्य ठिकाण कोकणात दुसरे नाही. उभे झाड तोडण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे: महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आणि फणस या दोन्ही झाडांचा समावेश असल्याने, ती स्वतःच्या बागेतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत.