फळा धूसर का दिसतो? दीडशे वर्षांचा शोध

सातवीपर्यंत मी फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीत बघून उतरवायचो. फळा सगळ्यांनाच असा पुसट दिसतो, अशी माझी समजूत! तुमच्याही वर्गात असा एखादा ‘आळशी’ मुलगा असेलच.

जवळचं नीट दिसतं आणि लांबचं धूसर, याला मायोपिया किंवा निकटदृष्टिता म्हणतात. डोळ्याचा गोळा जरा जास्त लांब वाढतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. पण गोळा लांबतो का?

हा प्रश्न जुना आहे. ब्रेस्लाऊमध्ये (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) हर्मान कोन या नेत्रतज्ज्ञाने तब्बल १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यांतल्या शाळांत मायोपिया १.४ टक्के, तर भरपूर अभ्यास असणाऱ्या ‘गिम्नाझियम’ शाळांत २६.२ टक्के! कोनने बोट ठेवलं ते अपुऱ्या उजेडावर आणि गैरसोयीच्या बाकांवर.

विसाव्या शतकात मात्र पारडं आनुवंशिकतेकडे झुकलं. मग १९६९ मध्ये अलास्कातल्या बॅरो गावचा अभ्यास आला. एकाकी वस्त्यांत वाढलेल्या १३१ प्रौढांपैकी फक्त दोघांना मायोपिया होता; त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून जास्त जणांना! आता सांगा, एक-दोन पिढ्यांत जनुकं इतकी बदलतात का? आनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण बदलली होती ती राहणी. शाळा आली होती.

मग पुस्तकं बंद करायची? तसं नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लख्ख उजेडात दृष्टिपटलातून डोपामाइन स्रवतं आणि गोळ्याची वाढ मंदावते, असं सध्याचं स्पष्टीकरण आहे. म्हणजे कोनचा उजेडावरचा संशय अगदीच वाया गेला नाही. फक्त तो उजेड वर्गाबाहेर होता.

एक लक्षात ठेवा, लागलेला नंबर मैदानावर खेळून जात नाही. त्याला चष्माच हवा. मला तो मिळाला तेव्हा झाडाला सुटी सुटी पानं दिसली. म्हणून घरातलं मूल डोळे बारीक करून बघत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.