मोह आवरला नाही

वाइनचा पेला माझ्या नाकाखाली धरून "सांगा काका, कशाचा वास येतो?" असे कधी काळी कोणी विचारील, हे माझ्या पत्रिकेत नव्हते. नाकाचा उपयोग मी आजवर दोनच कामांना केला. एक चष्मा टेकवायला आणि दुसरा नोटा ओळखायला. हसू नका. कॅश काउंटरवर दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसाला नोटेचा वास कळतो. त्यातून गोंदिया जिल्ह्यात तर फारच. बिडीच्या मजुरीतून आलेल्या नोटेला तंबाखूचा वास, तळ्यावरच्या मासळीवाल्याच्या नोटेला तळ्याचा, आणि धानाच्या कोठीत वर्षभर दडवलेल्या नोटेला कोंड्याचा. चैत्रात खेड्यातल्या शाखेत ज्या नोटा येतात त्यांना आणखी एक गोडसर, जड वास असतो. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

प्रसंग होता राइस मिलवाल्या मित्राच्या पन्नाशीचा. त्याचा भाचा नाशिकला एका वाइनरीत कामाला आहे. त्याने ठरवले, मामाचा वाढदिवस साधा करायचा नाही, वाइनची चव कशी घ्यायची ते मामाच्या मित्रांना शिकवायचे. स्टेशनजवळच्या एका हॉटेलमालकाला आठ दिवस आधी सांगून त्याने चार बाटल्या मागवून ठेवल्या. जमलो आम्ही पाच जण आणि भाचा. मिलवाला, आमचे हेडकॅशियर, हायस्कुलात इतिहास शिकवणारे मास्तर, निवृत्त वनपाल (यांना आम्ही सगळे दादा म्हणतो) आणि अस्मादिक. पाचही जणांना वाइनची माहिती सारखीच, म्हणजे सिनेमापुरती.

पण पेल्याआधी आला कागद. वेटरने परवान्यांचे पुस्तक आणले. एका दिवसाचा परवाना, दर माणशी पाच रुपये. देशी घेतली असती तर दोन रुपये. पुष्कळांना हे ठाऊक नसते, पण आपल्या राज्यात कायद्याने अजून दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आला एवढेच. पिणे हा गुन्हा, परवाना हा अपवाद. आणि कायमचा परवाना मिळतो तो प्रकृतीच्या स्वास्थ्यासाठी! सायंकाळी परमिट रूममध्ये बसलेली सारी मंडळी कायद्याच्या नजरेत औषध घेत असतात. हेडकॅशियरनी सहा परवान्यांचे तीस रुपये मोजून, पुन्हा मोजून दिले आणि पावती मागितली. सवय.

"हे काही नवीन नाही," मास्तर म्हणाले. मास्तरांना इतिहासात शिरायला दार लागत नाही, फट पुरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक पूर्ण अध्याय या खात्यावर आहे. खात्याच्या प्रमुखाचे नाव सुराध्यक्ष. सुराध्यक्षाने मद्यालये कशी बांधावीत, तर खोल्या अनेक असाव्यात, बसायला-निजायला वेगळी सोय असावी, सुगंध, फुलांच्या माळा आणि पाणी असावे. मी आमच्या खोलीकडे पाहिले. पाणी होते. प्रपंची माणसाला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा किंवा औषधासाठी अरिष्ट गाळायची मुभा होती, म्हणजे औषधाची सबब थेट कौटिल्यापासून चालत आली आहे. उत्सव, यात्रा असली की चार दिवस दारू गाळायची परवानगी. आणि गुत्त्यात गुप्तहेर ठेवावेत, त्यांनी कोण नेहमीपेक्षा जास्त खर्च करतो याची नोंद घ्यावी. हे ऐकून मिलवाल्याने सहजच दाराकडे नजर टाकली. त्याचे रिटर्न भरायचे दिवस होते.

द्राक्षाच्या मद्याला कौटिल्य 'मधु' म्हणतो आणि ते ज्या प्रदेशातून येई त्यावरून त्याची नावे सांगतो, कापिशायन आणि हारहूरक. वाइन गावाच्या नावाने ओळखायची ही रीत फ्रान्सची आहे असे भाचा नुकताच सांगून चुकला होता. तो जरा गप्प झाला.

रोमनांचे मास्तरांनी थोडक्यात आटोपले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे, त्यातही पसंती इटलीच्या वाइनला. त्याच बंदरातून रस्ते पैठणला आणि तेरला जात. नेवाशाच्या उत्खननात सांकलियांना दोन कानांचे परदेशी रांजणांचे तुकडे मिळाले, तसले तुकडे दख्खनेत आणखीही ठिकाणी मिळालेत. सगळ्यांत वाइनच होती असे नाही, पण सातवाहनांच्या काळात पैठणच्या एखाद्या शेठजीने इटलीचा घोट घेतला नसेल असे म्हणवत नाही. परवाना कितीचा होता, इतिहासाला माहीत नाही.

एवढ्यात पहिली बाटली उघडली. पेला खालच्या दांडीला धरायचा, बोटांची ऊब लागू द्यायची नाही. मग गोल फिरवायचा, मग हुंगायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. हेडकॅशियरनी पेला एवढ्या जोरात फिरवला की निम्मी वाइन शेजारच्या पापडावर. "हिला सोव्हिन्यों ब्लां म्हणतात," भाचा म्हणाला. "हिच्यात ढोबळी मिरचीचा वास येतो."

"ढोबळी मिरची?" मिलवाला म्हणाला. "एवढे पैसे देऊन ढोबळी मिरची? त्यापेक्षा भाजीच मागवतो ना बे!"

भाच्याने दिलेल्या कार्डावर रकाने होते. रंग, वास, चव, शेरा. रकाना दिसला की माझा हात आपोआप भरू लागतो. वासाच्या रकान्यात मी 'ढो. मि.' लिहिले आणि खाली सही केली. सही मागितलीच नव्हती.

दुसरी शेनिन ब्लां, तिसरी शिराझ. मध्ये तर्रीदार मटण आले, चिन्नोरचा भात आला आणि शिराझमध्ये काळ्या मिऱ्याचा वास येतो म्हणतात तो मटणाचा की वाइनचा हे कोणालाच सांगता येईना. भाचा मात्र मनापासून सांगत होता. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंचांच्या मदतीने फसफसणारी वाइन कशी बनवली, अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी नाशिकला द्राक्षे लावून २००० च्या सुमारास वाइन कशी बाजारात आणली. २००१ मध्ये सरकारने खास धोरण आखले आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा हा हेतू. २०२२ च्या जानेवारीत तर वाइन सुपरमार्केटात ठेवायचा निर्णय झाला, 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असेही बोलले गेले, मग जो गदारोळ झाला तो आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलाच.

दादा तोवर एक शब्द बोलले नव्हते. पस्तीस वर्षे जंगलात काढलेला माणूस, आवाज खाली. ते म्हणाले, "द्राक्ष पिकवणाऱ्याचं भलं होऊ दे. पण आमच्या मोहाच्या फुलानं काय घोडं मारलं होतं, ते सांगा मास्तर."

मास्तरांनी हातातले हाड खाली ठेवले. इथून पुढे जे कळले ते मी आजवर ऐकले नव्हते, आणि माझा जन्म या जिल्ह्यातला.

१८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा आला आणि घरोघरच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या कारखान्यांत गाळायचे धोरण आले. कोकणात उरणला मोठाल्या भट्ट्या होत्या. तिथे गाळत काय होते? मोहाचीच दारू! तिच्यावर कर मिळे, म्हणून ती मद्य. झाडाखाली राहणाऱ्याने गाळली तर कर बुडे, म्हणून तो गुन्हा. तरीही लोक गाळतच राहिले, तेव्हा सरकारने फुलालाच हात घातला. १८९२ मध्ये खास मोहफुलांचा कायदा केला. फूल वेचायचे, साठवायचे, तर सरकारचे बंधन. फुलावर कायदा! गुलाबावर केला असता तर कवींनी मोर्चा काढला असता.

आमचा भाग तेव्हा मुंबईत नव्हता, मध्य प्रांतात होता. तिथे १९१५ चा अबकारी कायदा, मग १९३८ चा दारूबंदी कायदा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे मुंबईचा कायदा आमच्याकडेही आला. त्यातसुद्धा मोहफुलांचे वेगळे प्रकरण आहेच. थोडक्यात, साहेब गेला, फुलावरचा पहारा राहिला.

"आणि ते फूल म्हणजे काय," दादा म्हणाले, "तर नुसती साखर. सुकलेल्या फुलात निम्मी साखर असते. लोक भाकरीत घालतात, लाडू करतात, उकडून खातात. दुष्काळात गावंच्या गावं मोहावर जगली. दारू हा त्यातला एक भाग." भाच्याने मध्येच सांगितले की वाइन नुसती आंबवतात, मोहाची दारू आंबवून वर वाफेने गाळतात, तेव्हा दोहोंची तुलना बरोबर नाही. हा मुद्दा मान्य. पण परवान्याच्या पुस्तकात तो रकाना नव्हता.

दादांनी आपल्या नोकरीतले एवढेच सांगितले, की मडकी फोडताना सोबत जावे लागे, आणि फुटलेल्या मडक्यातून वाहणाऱ्या रसाला मुंग्या लागत. मग त्यांनी भात कालवला.

मला मात्र भात जाईना.

वीसेक वर्षांपूर्वी मी देवरी तालुक्यातल्या एका शाखेत होतो. बचत गटाच्या बायकांचे कर्जाचे अर्ज भरून घ्यायचे काम माझ्याकडे. एक म्हातारी समोर बसली. नाव, गाव झाले. 'व्यवसाय'च्या रकान्याशी आलो.

"काय काम करता मावशी?"

"मोह येचतो जी."

मी पेन थांबवले. मोह कसा लिहू? हे लिहिले तर वरचे साहेब विचारतील, मावशी भट्टी लावते काय? खरे म्हणजे ती पहाटे टोपली घेऊन जाई, फुले वाळवून आठवडी बाजारात विके, त्यावर घराचे चार महिने निघत. पण आम्ही क्लार्क मंडळी सत्यापेक्षा शेऱ्याला भितो. मी 'शेतमजूर' लिहिले.

"काय लिवलं जी?"

"शेतमजूर."

"मले तं शेतच नाही, ना कोनाच्या शेतात जात बी नाही," म्हातारी म्हणाली आणि अंगठा उठवून दिला.

पुढे हंगामी उत्पन्नाचा रकाना. शेतमजुराला चैत्रात काम कुठले? तिथे मी शून्य लिहिले. या शून्यामुळे तिच्या वाट्याला सर्वांत कमी रक्कम आली. वर्षात तिची खरी कमाई होती ती त्याच चैत्रातली, आणि ती मी एका गोल आकड्यात बुडवली होती. हप्ते तिने एकही चुकवला नाही. शेवटच्या हप्त्याला पळसाच्या द्रोणात भाजलेल्या मोहाचे चार लाडू घेऊन आली आणि काउंटरच्या जाळीतून आत सरकवले. मी ते खाल्ले. एक हेडऑफिसहून आलेल्या इन्स्पेक्टरलाही दिला. त्याने विचारले, खजुराचा का? मी म्हटले, हो.

हे मी त्या रात्री टेबलावर सांगितले. कोणी काही बोलले नाही. मास्तरांनी एवढेच म्हटले, की २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले वेचण्या-साठवण्यावरची बंधने उठवली, आणि त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा मान द्यायचे जाहीर केले. बालाघाट इथून गाडीने तासा-दीड तासावर.

चौथी बाटली उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड. आता आम्ही पेला दांडीला धरायला शिकलो होतो. मी फिरवला, हुंगला. भाच्याने विचारले, "काका, कशाचा वास? मध, सुका जर्दाळू?"

मी जर्दाळू आयुष्यात दोनदा खाल्ला असेल. माझ्या नाकाला आठवली ती चैत्रातली कॅश, दोऱ्याने बांधलेल्या दहाच्या नोटा, मऊ पडलेल्या, चिकट. वासाच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'मोह' लिहिले.

भाच्याने कार्ड वाचले, परत माझ्याकडे पाहिले. "असा वास आमच्या यादीत नाही काका."

"मग यादीत घाल," दादा म्हणाले आणि त्यांनी आपला पेला पुढे केला, भरायला.

बिल आले. हेडकॅशियरनी ते तीनदा तपासले आणि परवान्याचे तीस रुपये पुन्हा लावलेले पकडले.