जोर्वे संस्कृती

जोर्वे संस्कृती ही महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची संस्कृती होय. तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. १४०० ते ७०० असा मानला जातो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे या गावावरून तिला हे नाव मिळाले. तेथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. कोकणची किनारपट्टी आणि विदर्भाचा काही भाग वगळता या संस्कृतीच्या खुणा महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र आढळतात.

मृद्भांडी

चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली व तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली भांडी ही या संस्कृतीची मुख्य ओळख होय. टिचकी मारली असता त्यांतून धातूसारखा नाद उमटतो. तोटीची भांडी, उंच गळ्याचे गोलाकार रांजण आणि कंगोरेदार वाडगे हे त्यांतील ठळक प्रकार आहेत. त्यांसोबत दगडाची लहान पाती व थोडी तांब्याची हत्यारे सापडतात. जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या.

प्रसार

जोर्वेपूर्वीचे माळवा संस्कृतीचे शेतकरी तापीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे आले, असे मानले जाते. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (नंदुरबार जिल्हा) येथील थर या वाटेची साक्ष देतात. पुढे प्रवरा, गोदावरी, घोड व भीमा या नद्यांच्या काठी वस्त्या झाल्या. प्रवराकाठचे दायमाबाद हे त्यांतील सर्वांत मोठे स्थळ असून ते सुमारे २० हेक्टरांवर पसरले आहे. पूर्वेकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथेही ताम्रपाषाणयुगीन वस्ती उघडकीस आली. याच खोऱ्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील भागात भोन येथे पुढे ऐतिहासिक काळातील वस्ती व विटांचा स्तूप आढळला.

भांड्यांवरून माणसांचा माग काढण्याची ही पद्धत पॅसिफिक महासागरातील लापिता संस्कृतीच्या अभ्यासातही वापरली जाते. लापिता भांडी घडवणारे दर्यावर्दी जोर्वेकरांचे जवळजवळ समकालीन होते. बिस्मार्क द्वीपसमूहातून निघून ते टोंगा व सामोआपर्यंत पोहोचले. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. सॉलोमन बेटांपलीकडील द्वीपे तोवर निर्मनुष्य होती. त्यामुळे तेथे भांडे आढळले की माणसे आल्याचे निश्चित होते. महाराष्ट्रात मात्र आधीपासून शिकारी व अन्नसंकलक समूह राहत होते. म्हणून येथे भांड्यांबरोबर लोक आले, की भांडी घडवण्याची कला एका समूहाकडून दुसऱ्याकडे गेली, हे प्रत्येक स्थळी स्वतंत्रपणे तपासावे लागते.

इनामगावचे जीवन

शिरूर तालुक्यातील (पुणे जिल्हा) घोडकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले. म. के. ढवळीकर, सांकळिया आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून शंभराहून अधिक घरे उजेडात आली. सातू हे मुख्य पीक होते. गहू, मसूर व कुळीथही पिकत. पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध व पाट बांधण्यात आला होता.

मृतांना घरातच पुरत. मुलांसाठी दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवत. प्रौढांना उत्तर-दक्षिण निजवत आणि त्यांचे पाय घोट्याजवळ तोडलेले असत. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी यामागील समजूत असावी. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष सापडला. घराला लागून धान्याचे कोठार असल्याने तो गावाचा प्रमुख असावा, असे मानतात.

ऱ्हास

इ.स.पू. १००० च्या सुमारास उत्तरेकडील बहुतेक वस्त्या ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात मात्र जीवन चालू राहिले, पण ते हलाखीचे होते. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले आणि शिकारीवरील भिस्त वाढली. ढवळीकरांनी याचे कारण वाढती अवर्षणे असे मांडले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या अस्थींच्या अभ्यासातून या मताची फेरतपासणी केली. उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. मात्र केवळ अवर्षणाने ऱ्हासाचा उलगडा होतो, हे त्यांनी मान्य केले नाही.

स्थळांचे जतन

जुन्या वस्तीच्या टेकाडाला ग्रामीण भागात 'पांढरी' म्हणतात. राखेने व कुजलेल्या द्रव्यांनी समृद्ध झालेली ही माती खत म्हणून शेतात नेली जाते. त्याबरोबर घरांच्या जमिनी, चुली व दफने नष्ट होतात. थर एकदा विस्कटला की भांडे हाती येते, पण ते कोणत्या काळातील कोणत्या घरातले, हे सांगता येत नाही. जोर्वे लोक कोठून आले आणि का गेले, या प्रश्नांची उत्तरे अशा न उकरलेल्या पांढरींतच दडलेली आहेत.