तळटीप : आद्य कृष्णविवरांचे फिरणे
क्राइस्टचर्चमध्ये शिकलेल्या रॉय केर यांनी १९६३ साली फिरत्या कृष्णविवराचे गणित सोडवले. सापेक्षतावादातले ते फार मोठे यश. मात्र सगळीच कृष्णविवरे गरगरतात असे समजू नये. ताऱ्याचा गाभा कोसळताना आक्रसतो, तसे त्याचे मूळचे फिरणे वाढत जाते. याउलट, विश्वाच्या पहिल्या सेकंदातली आद्य कृष्णविवरे प्रारणाच्या जवळपास गोलाकार दाटीतून झाली असतील, तर त्यांचे फिरणे कमाल मर्यादेच्या जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी निघते. दाब नसलेल्या द्रव्यप्रधान काळात जन्मली असल्यास मात्र ते मर्यादेपर्यंत पोहोचू शकते. टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींवरून हे फिरणे अजमावता येते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची नियोजित लायगो-इंडिया वेधशाळा त्यासाठीच मोलाची.