खार आणि चोपण

छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीस कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशा नावांनी ओळखतो. नाव उच्चारताच मातीचा रंग, पोत आणि पीक ध्यानी येते. मराठी मुलखात बिघडलेल्या जमिनीसही अशीच दोन नावे आहेत: खार आणि चोपण. त्यांच्यामागे एक बोधप्रद इतिहास आहे.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामतीकडील कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. परंतु पाण्यास आत येण्याची वाट मिळाली, तेवढी बाहेर जाण्याची मिळाली नाही. भूजल वर चढले. पाणी उन्हाने उडून गेले, क्षार मागे राहिले. १९१० साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या खाऱ्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९१६ साली मुंबई सरकारने पाटपाण्याच्या अभ्यासासाठी खास विभाग काढला. खडकवासल्याच्या आजच्या जलसंशोधन केंद्राचे मूळ तेच.

पुढे १९५४ साली अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने जी मापे मांडली, ती जगभर रूढ झाली. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन खारी. मातीच्या कणांना धरून राहिलेल्या सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक झाले की ती चोपण. खाऱ्या जमिनीवर पांढरा थर दिसतो. चर काढून निचरा साधला व गोडे पाणी दिले, तर ती धुऊन निघते. चोपणात कण विस्कटतात, माती चिकट होते, पाणी मुरत नाही. तेथे आधी जिप्सम घालून कॅल्शियमकरवी सोडियम हटवावा लागतो. प्रयोगशाळेने आकड्यांत मांडलेला हा भेद आपल्या भाषेने आधीच जाणला होता.

मग मोजणी कशासाठी? नाव जमीन बिघडल्यावर मिळते. माप बिघडण्यापूर्वी इशारा देते. पांढरा थर डोळ्यांस दिसेपर्यंत नुकसान बरेचसे झालेले असते. कालव्याने किती क्षेत्र भिजले, याची नोंद आपण अगत्याने ठेवतो. त्याच दप्तरात विहिरीचे पाणी दरसाल किती वर आले आणि मातीत क्षार किती साठले, याचेही रकाने असावेत. कारण भिजलेल्या क्षेत्रातून खारावलेले क्षेत्र वजा केल्यावाचून कालव्याचा खरा लाभ कळत नाही.